दोन एकर विकून गर्भ दुरुस्त होतो का?

पत्र :

ताई, जय भीम. चिमूर तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे. चार एकरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अन् सोयाबीन, दोन एकर धानाची बांधी. मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेलवाला, कार्डावर एसएस लिहिलं आहे. आम्ही दोघं नवराबायको एएस. लग्नाच्या वेळी कोणी तपासलंच नाही. पोराचं दुखणं उठलं की रात्र-रात्र रडते, हातपाय ठणकतात, दोनदा रक्त चढवलं. आता दुसऱ्या लेकराचा विचार आहे, पण बायको भिते. माझी आई म्हणते सुनेच्या माहेरचं रक्तच खराब. मागच्या महिन्यात ओळखीतला एक माणूस घरी आला. म्हणते, आता जीन बदलता येतात, बाहेरच्या देशात गर्भातच दुरुस्ती करून देतात, पुढच्या सात पिढ्या साफ. खर्च वीस लाख, बयाणा दोन लाख. बांधी विकायची माझी तयारी आहे. वहिनी म्हणते एवढा पैसा देऊनच राहिले तर पोरगाच मागा, गोरा अन् उंच. मी म्हणतो, बीटी पऱ्हाटीत जीन टाकतात, मंग माणसात काऊन नाही? यात काही वाईट आहे का, की लोक उगाच भितात?

ता. क. हे सगळं बोलणं पोराच्या समोरच झालं. काल त्यानं विचारलं, ‘बाबा, मले दुरुस्त करता येत नाही म्हणून दुसरा आणून राहिले का?’ मले उत्तर सुचलं नाही.

उत्तर :

भाऊ, जय भीम.

आधी पैशाचं बोलते, कारण बांधी एकदा गेली की परत येत नाही. त्या माणसाला बयाणा देऊ नका. दिला असेल तर आजच परत मागा, टाळाटाळ केली तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. गर्भाचे जीन बदलून मूल जन्माला घालायची परवानगी आज कोणत्याही देशात नाही. आपल्याकडे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१९ च्या जनुक-उपचाराच्या नियमावलीत ते साफ मना आहे. तेव्हा तो माणूस विकतो आहे ती चोरबीटी आहे, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं चोरून विकतात तसली. थैलीवर कंपनीचं नाव नाही, हातात पक्कं बिल नाही, आणि फसलं तर विकणारा ओळख देत नाही. फरक इतकाच की चोरबीटी निदान उगवते तरी.

आता तुमचा प्रश्न, की यात वाईट काय. मी एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं. पाप-पुण्याचं खातं माझ्याकडे नव्हतं, म्हणून आधी रक्ताच्या बाजूने सांगते.

तुम्ही दोघं एएस, म्हणजे दोघांकडे हिमोग्लोबिनच्या जीनच्या दोन-दोन चिठ्ठ्या, एक साधी आणि एक एसची, म्हणजे सिकलसेलची. लेकरू राहताना दोघांची एकेक चिठ्ठी निघते. चारांत एकदा दोन्ही एस निघतात, तो एसएस, म्हणजे आजार; दोनदा एकच एस, तुमच्यासारखं, आजाराविना; एकदा एकही नाही. तुमच्या पहिल्या वेळी दोन्ही एस निघाल्या. पुष्कळ लोक समजतात की एक आजारी झाला, म्हणजे पुढचे तिघे बरे. तसं नसतं. दर वेळी चिठ्ठ्या पुन्हा डब्यात जातात आणि पुन्हा तोच हिशेब सुरू होतो.

जीन कापायचं जे तंत्र आहे, त्याला क्रिस्पर म्हणतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पोंत्ये या दोघींनी २०१२ मध्ये ते दाखवलं आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात एक वाटाड्या रेणू असतो, तो हवी ती जागा शोधतो, आणि एक प्रथिन तिथे काप घेतं. पुढची डागडुजी पेशी स्वतः करते, आणि ती दर वेळी आपल्या मनासारखी करेलच असं नाही. आता बघा. गर्भावर ही कात्री चालवायची तर गर्भधारणा होताच, एकच पेशी असताना चालवावी लागते. उशीर झाला की काही पेशी बदलतात, काही राहून जातात आणि लेकराच्या अंगात दोन्हींची सरमिसळ होते. पण त्या एका पेशीतून नमुना काढून तपासता येत नाही. तीच काढली तर मागे उरेल काय? म्हणजे ज्या घडीला कात्री चालवायची, त्या घडीला कोणत्या गर्भात दोन एस आहेत हे कळायची सोयच नाही. मग सगळ्यांवरच चालवायची, ज्यांना काही झालेलं नाही अशा चारांतल्या तिघांवरही. आणि चार-पाच दिवस थांबून गर्भातल्या थोड्या पेशी तपासल्या, तर बिनआजाराचे कोणते हे तेव्हाच समजतं. ते समजल्यावर कात्रीचं कामच उरत नाही.

तुमच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच आहे. चारांत तीन वेळा निसर्ग ज्या गोष्टीला फुकट हो म्हणतो, तिच्यासाठी तो माणूस तुमची जमीन मागतो आहे.

ज्यांचा नवराही एसएस आणि बायकोही एसएस, त्यांचं प्रत्येक लेकरू एसएसच होणार. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादम्या आणि लंडनची रॉयल सोसायटी यांनी मिळून एक अहवाल दिला. त्यात असं म्हटलं की हे तंत्र अजून भरवशाचं नाही, आणि पुढे कधी परवानगी द्यायचीच झाली तर सुरुवात अशा मोजक्या जोडप्यांपासून करावी. तुम्ही त्या रांगेत बसत नाही.

एका माणसाने मात्र रांग मोडली. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या शेन्झेनच्या ‘हे जियानकुई’ नावाच्या संशोधकाने जाहीर केलं की जीन बदललेल्या दोन जुळ्या मुली जन्मल्या आहेत. बाप एचआयव्ही बाधित होता, आणि मुलींना पुढे कधी एचआयव्ही होऊ नये म्हणून त्याने सीसीआर५ नावाचा जीन कापला. आता बापाकडून लेकरांना लागण होऊ नये यासाठी वीर्य धुऊन वापरायची साधी पद्धत आधीपासून होती. म्हणजे त्यांच्याकडेही तुमच्यासारखाच दुसरा मार्ग होता. काप मनासारखा बसला नाही. निसर्गात काही लोकांत जो बदल सापडतो तो एक, या मुलींत झाला तो भलताच. आणि हा जीन नसलेल्यांना वेस्ट नाईल नावाचा ताप जास्त जोराने धरतो, हे तेव्हाही माहीत होतं. २०१९ च्या डिसेंबरात त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड झाला. मुलींना काय झालं, काय होईल, हे त्या मोठ्या होतील तसं त्यांच्याच अंगावर समजणार.

आता तुमची पऱ्हाटी. प्रश्न चांगला विचारला तुम्ही. बीटीत मातीतल्या एका जिवाणूचा जीन कपाशीत नव्याने घातला आहे, आणि गर्भात असलेलंच अक्षर बदलायचं असतं. हा फरक आहे, पण तुमचा रोख तिकडे नाही हे मला कळतं. तुम्हाला म्हणायचं आहे की एकदा जिवाला हात लावलाच, तर माणूस काय आणि झाड काय. मग आठवा. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, बोंडअळीची फवारणी कमी झाली, पहिली काही वर्षं लोक खूश होते. २०१७ मध्ये गुलाबी अळी दोन-दोन जीनच्या बीटीलाही जुमानेना. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत किडलेलं. विदर्भात कोणाचं शिवार सुटलं तेव्हा? मग आपण काय केलं, तर उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला आणि पुढच्या सालासाठी दुसरं वाण आणलं. पंधरा वर्षांनी चूक कळली तरी एका हंगामात फिरता आलं.

लेकरात रोटाव्हेटर फिरवता येत नाही. चूक पंधरा वर्षांनी कळली तर ते दहावीला असेल, तीस वर्षांनी कळली तर त्याचीही लेकरं अंगणात खेळत असतील आणि तो काप त्यांच्यातही गेलेला असेल. तो माणूस ‘सात पिढ्या साफ’ म्हणतो, ती त्याच्या मालाची जाहिरात आहे. मला तेच भ्यायचं कारण वाटतं. सात पिढ्यांतल्या कोणालाही विचारलेलं नाही, आणि बिघडलं तर कोणत्याही पिढीला ते परत करता येणार नाही.

आणि साफ म्हणजे काय करायचं म्हणे? तुमच्या आईचं रक्ताबद्दलचं बोलणं यालाच लागून आहे. एसएस व्हायला दोन एस लागतात. एक सुनेकडून आला, दुसरा तुमच्याकडून. तुमच्याकडे तो तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला. आईंची तपासणी केली तर त्यांच्याच कार्डावर एएस निघू शकेल. (हे त्यांना जेवण झाल्यावर सांगा, आधी नको.) हा एस आपल्या भागात इतका का, याचं कारण हिवताप. एकच एस असलेल्या लेकराला फाल्सिपेरमचा जीवघेणा हिवताप तितका जोर करत नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आजही खूप हिवताप असतो, मग औषधं नव्हती तेव्हाचा विचार करा. ज्या लेकरांत एक एस होता ती तापातून उठली, वाढली, त्यांना लेकरं झाली. त्यांच्याच वंशात तुम्ही आहात आणि मीही आहे. माझ्याही कार्डावर एएसच आहे, भाऊ. त्याच अक्षराने कोण्या पणजोबाला वाचवलं आणि तेच दुहेरी होऊन तुमच्या मुलाला रडवतं. त्याला खराब म्हणून वंशातून पुसून टाकायचा अधिकार कोणाला द्यावा, मला तरी ठरवता येत नाही.

मुलावरचा उपचार ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे माझी भीती बरीच कमी होते. तुमचा मुलगा जन्मलेला आहे. दुखतं त्याला. त्याच्याशी बोलता येतं. त्याच्या रक्तात बदल केला तर तो त्याच्यापुरता राहतो, त्याच्या लेकरांत जात नाही. असा उपचार निघाला आहे, नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. युक्ती फार सुंदर आहे. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात एसचा काही संबंध नसतो. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचा जीन ते बंद करत आणतो. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून या जीनचं बटण कात्रीने मोडतात आणि पेशी परत अंगात सोडतात. मग पोटातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि पेशी इळ्यासारख्या वाकत नाहीत. चाचणीत तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने मोठं दुखणं उठलं नाही.

पण आधी हाडांतली जुनी मज्जा, जिथे रक्त बनतं ती, मारायला केमोचं कडक औषध द्यावं लागतं, काही आठवडे दवाखान्यात एकट्याने काढावे लागतात, आणि पुढे मूल न होण्याचा धोका असतो. किंमत ठेवली २२ लाख डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने अठरा कोटी रुपये. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार तयार केला आहे. बिरसा मुंडांवरून त्याला ‘बिरसा १०१’ नाव दिलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तो जाहीर केला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मागावा असा तो अजून नाही. उद्या कोणी ‘चाचणीत नाव घालून देतो, पैसे भरा’ म्हणत आला, तर तोही चोरबीटीवालाच समजा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

एक गोष्ट मला पत्र वाचल्यापासून टोचते आहे. तुमच्या पत्रात वीस लाख आहेत, परदेश आहे, सात पिढ्या आहेत, पण हायड्रॉक्सियुरिया हा शब्द कुठेच नाही. ही गोळी आहे. रोज घ्यायची असते. पोटातलं तेच हिमोग्लोबिन ती वाढवते, कात्री न लावता, आणि पुष्कळ मुलांचं दुखणं आणि रक्त चढवणं तिने कमी होतं. सगळं जात नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत, मधून मधून रक्तातल्या पेशींची मोजणी करत घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात विचारा. ‘स्टॉक नाही’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आशाताईंना सोबत न्या, लेखी अर्ज द्या. अठरा कोटींचा उपचार आपल्या गावात कधी येईल, यावर वाद घालायला मला वेळ आहे. तुमच्या पोराकडे नाही. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, ते प्रमाणपत्रही काढून घ्या.

वहिनींचं थोडक्यात. गोरेपणा, उंची, हुशारी यांचा एक जीन नसतो. शेकडो-हजारो जागा मिळून ते ठरतं, त्यात घरचं खाणंपिणंही आलं. कात्री लावायची तरी कुठे? आणि ‘पोरगाच मागा’ हे तर आपण ऐकलेलं गाणं आहे. पोटातलं व्यंग बघायला आलेली यंत्रं आपण कशासाठी वापरली? महाराष्ट्राला १९८८ मध्ये, देशात सगळ्यात आधी, कायदा करावा लागला. तरी १९९१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९४६ मुली होत्या, त्या २०११ पर्यंत ८९४ वर आल्या. गर्भाचे जीन बदलायची मोकळीक मिळाली तर ती फक्त सिकलसेलपुरती राहील असं मला कोणी सांगितलं, तर मी हे दोन आकडे पुढे ठेवते. तुमच्या घरात तर दुकान उघडायच्या आधीच मागणी नोंदवून झाली.

दुसरं लेकरू हवं असेल तर रस्ता आहे, आणि तो बाहेरच्या देशातून जात नाही. दोघांचे रक्ताचे पक्के अहवाल हाताशी ठेवा. दिवस गेले की लगेच, आठव्या आठवड्याच्या आत, जिल्हा रुग्णालयात सांगा. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून गर्भ एसएस आहे का ते तपासता येतं. त्यासाठी मोठ्या शहरातल्या केंद्रात पाठवतील, चकरा होतील. १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी मान्य आहे. लिंग सांगणार नाहीत, विचारूही नका. टेस्टट्यूबने आधी तपासलेला गर्भ ठेवायची सोयही आहे, पण तिला लाखांत खर्च येतो आणि पहिल्याच वेळी जमेल असं नाही. बांधी विकून ते करू नका.

तपासणीत एसएस निघालं तर? पुढे न्यायचं की थांबवायचं, हे तुमच्या आईने किंवा वहिनीने ठरवायचं नाही. तुम्हीसुद्धा एकट्याने ठरवायचं नाही. कायद्यात संमती लागते ती तुमच्या बायकोची. तिने न्यायचं ठरवलं तरी ती चुकली नाही, थांबवायचं ठरवलं तरी ती निर्दय नाही. बायको भिते असं तुम्ही लिहिलं, पण कशाला भिते ते लिहिलं नाही. पोराच्या रात्री आठवून भिते, की पुन्हा रक्ताचा ठपका तिच्यावर येईल म्हणून भिते? विचारा तिला. मी पत्र दोनदा वाचलं, त्यात बाकी सगळ्यांचं बोलणं आहे, तिचं एकही वाक्य नाही.

मुलाचं शेवटी ठेवलं, कारण तिथे माझाही हात पोळलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत आम्ही तपासणी केली आणि मी शहाणपणाने वर्गासमोर नावं वाचून कार्डं वाटली. एसएस कोण, एएस कोण, सगळ्यांना कळलं. त्यातल्या एका मुलीशी वर्गातल्या कोणी डबा वाटून खाल्ला नाही, असं शिक्षिकेने मला पुढच्या महिन्यात सांगितलं. रक्त मी बरोबर तपासलं होतं. तेव्हापासून कार्ड बंद पाकिटातून देते आणि घरच्यांशी बोलल्याशिवाय देत नाही.

तुमच्या पोरासमोर सगळ्यांनी ‘दुरुस्ती’ हा शब्द वापरला. त्याने तो उचलला. आता ‘तसं काही नाही रे’ म्हणून टाळू नका, नऊ वर्षांच्या पोराला टाळलेलं बरोबर कळतं. त्याला जवळ घेऊन बसा. इळा हातात देऊन दाखवा, की तुझ्या रक्तातल्या काही पेशी अशा वाकतात, अरुंद नळीत अडकतात, म्हणून दुखते. पाणी जास्त पिलं, थंडी-ताप सांभाळला की कमी अडकतात. आणि म्हणून शाळेत पाण्याची बाटली न्यायची, बाईंना सांगून मधेही प्यायला उठायचं. दुसरा आला तर तो तुझ्या जागी येणार नाही, तुझ्या बाजूला बसणार, हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.

मग तुमचं आणि त्याच्या आईचं कार्ड काढा, त्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. एस कुठून कुठे आला ते त्याला बोटाने दाखवू द्या. आजी तिथे असेल तर तिलाही बसवा.